उघडलं का?

५ जुलै

छापखान्याचे मालक दर वर्षी नव्या कॅलेंडरबरोबर एक डायरी देतात. आजवर मी ती इस्त्रीला दिलेले कपडे टिपायला वापरली. आज पहिल्यांदाच तिच्यात वाक्यं लिहिते आहे.

सकाळी मालक स्वतः आले होते. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. ओली छत्री कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून ती हातात धरूनच खुर्चीत बसले आणि खाली तळं झालं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग ते मुद्द्यावर आले. त्यांच्या कॅलेंडरातलं पावसाचं पान ह्यांचं असायचं. बाकीच्या पानांना फोटोग्राफर मिळतात, पण पावसात उभं राहायला कोणी तयार नसतं. म्हणून ते पान ह्यांच्याकडे आलं आणि ह्यांचंच होऊन बसलं. दर वर्षी जागा एकच, तळ्यावरचा खडक आणि समोरचा डोंगर. पाऊस तेवढा निराळा.

"या वर्षी जुन्यातलाच एखादा लावतो, ताई," मालक म्हणाले. "खाली त्यांच्या आठवणीची एक ओळ टाकू. पुढच्या वर्षीपासून ते पान बंदच करावं म्हणतो. कोण काढणार?"

मी म्हटलं, "या वर्षीचा मी देते."

"काढून ठेवलाय त्यांनी?"

"नाही. मी काढीन."

मालक माझ्याकडे बघत राहिले. भले गृहस्थ आहेत, हसले नाहीत. "ऑगस्टच्या अखेरीला पान मशीनवर चढतं," एवढंच म्हणाले. निघताना छत्री विसरले आणि जिन्यातून परत आले.

मी असं का म्हटलं ते मला कळलेलं नाही. त्या कॅमेऱ्याने मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. मी छत्री धरत असे.

७ जुलै

मुलाचा फोन आला. शेवटच्या दुपारी तो पोचू शकला नव्हता, ते त्याच्या मनातून जात नाही. बाबा शेवटी काही बोलले का, असं त्याने आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, "उघडलं का?" त्यांना गुदमरल्यासारखं होत असणार. मी उठून खिडकी उघडली. बाहेर पाऊस जोरात होता, थेंब थेट पांघरुणावर आले. नर्स धावत आली. "अहो, पेशंटला भिजवता का!" म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली. हे तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. माझं काही चुकलं की बघायचे तसे. मग त्यांनी डोळे मिटले.

"एवढंच?" मुलगा म्हणाला.

"एवढंच."

तो म्हणाला, "आई, कॅमेरा विकून टाक आणि इकडे ये. एकटी काय करणार आहेस तिथे?" कॅलेंडरचं त्याला सांगितलं नाही. काळजी करत बसेल.

८ जुलै

कॅमेरा बाहेर काढून पुसला. लाकडी आहे. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये काळा भाता. मुलगा लहान असताना त्याला मुकी पेटी म्हणायचा. फिल्म एका वेळी एकच बसते, ती चपट्या चौकटीतून मागे सरकवावी लागते. फिल्म धुण्याचं मला येतं, कारण ह्यांचे हात पाण्यात असताना घड्याळाकडे मी बघत असे आणि बाटल्याही मीच भरत असे. काढण्याचंच येत नाही.

छत्री धरणं वाटतं तितकं सोपं नाही. भिंगावर थेंब पडता कामा नये आणि छत्रीची कड भिंगासमोर येता कामा नये. वारा फिरला की छत्री फिरवायची. हे एकदा काळ्या कापडात शिरले की बाहेर यायचे नाहीत, कारण चष्मा ओला झाला की त्यांना पुढचं काही दिसत नसे. त्यामुळे आभाळ बघणं माझ्याकडे होतं. ते आतून विचारायचे, मी बाहेरून सांगायचे. "नाही अजून." "थोडं थांबा." "आता." मी टेलिफोन केंद्रात नोकरी केली, तिथेही कमीत कमी शब्दांत बोलावं लागे. आमचा संसारही तसाच झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

११ जुलै

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण. त्या गाडी शिकवण्याचे क्लास चालवतात आणि घरातही गाडी शिकवल्यासारख्या बोलतात. हे होते तेव्हा त्या वर्षातून चार वेळा यायच्या. आता दोन दिवसांआड येतात. कधी भांडं परत करायला, कधी इकडे काम होतं म्हणून. त्यांचं इकडे काय काम असतं ते मला कळत नाही.

मी फोटोचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही? वहिनी, तुम्ही मोबाइलवर फोटो काढलात तरी त्यात तुमचा अंगठा येतो!"

ते खरं आहे.

"आणि त्या खडकापर्यंत जाणार कशा?"

"बसने."

"ते लाकडी धूड घेऊन? कंडक्टर धुडाचं वेगळं तिकीट फाडेल. वर सीट पण देईल त्याला, तुम्ही उभ्या." मग थोडं थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी येते मी गाडी घेऊन."

मी या म्हटलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही.

१२ जुलै

वन्संच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे. शिकणारा घाबरला की शिकवणाऱ्याने दाबायचा. आज त्या सीटवर मी होते. घाटातल्या पहिल्या वळणावर माझा पाय आपोआप त्यावर गेला आणि गाडी धाडकन थांबली.

"वहिनी! तो ब्रेक मास्तरचा आहे. मास्तर इकडे बसलाय, तिकडे नाही."

"चुकून पडला पाय."

"चुकून कुठला, विश्वास नाही म्हणून पडला. क्लासातल्या पोरांना माझ्या शेजारी कसं वाटत असेल ते आज कळलं मला."

पुढच्या वळणांवर मी पाय पोटाशी घेऊन बसले.

खडकावर ट्रायपॉडचे पाय कुठे रोवायचे ते मला सांगता आलं नसतं. पण माझे पाय कुठे असायचे ते माहीत होतं. तिथे उभी राहिले, हात वर केला, आणि छत्रीखाली जी जागा आली तिथे कॅमेरा ठेवला. मग छत्री वन्संच्या हातात दिली आणि कापडात शिरले.

आत सगळं उलटं दिसतं. ह्यांनी हे एकदा सांगितलं होतं, मला चेष्टा वाटली होती. दुधी काचेवर तळं वर होतं आणि डोंगर शेंड्यावर उभा होता. ढग खाली साचले होते आणि पावसाचा पडदा जमिनीतून वर ओढल्यासारखा सरकत होता. कापडाला ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे. मी बराच वेळ तशीच राहिले.

"वहिनी, झोप लागली का आत?" वन्संनी बाहेरून विचारलं.

फोटो एकच काढला.

१५ जुलै

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून फिल्म धुतली. कोरी निघाली. चौकटीवरची झाकणपट्टी ओढायचीच राहिली होती, म्हणजे फिल्मला उजेड लागलाच नाही. वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सगळे हँडब्रेक लावूनच गाडी पळवतात. शनिवारी येते."

२३ जुलै

आतापर्यंत तीन खेपा झाल्या. फोटो येतात. डोंगर येतो, तळं येतं. ओला डोंगर आणि ओलं तळं, त्यापलीकडे काही नाही. ह्यांची जुनी पानं शेजारी ठेवून बघितली. जागा तीच, भिंग तेच. ह्यांच्या फोटोत पाऊस आत्ता काहीतरी करणार आहे असं वाटतं. माझ्या फोटोत तो नुसता पडतो आहे.

मी हे कशाला अंगावर घेतलं? जुना फोटो लावला असता तर कोणाला काय फरक पडला असता? लोक कॅलेंडर तारखा बघायला लावतात. पण मग ते पान बंद होईल. ते बंद झालं तर पावसाळ्यात मी काय करायचं, हे मला कळत नाही. बाकीच्या महिन्यांत काय करायचं ते कळतं.

२९ जुलै

कपाट आवरताना पत्र्याचा एक डबा सापडला. झाकणावर ह्यांच्या अक्षरात चिकटपट्टीवर लिहिलं आहे, "छत्री". आत धुतलेल्या फिल्मा, एकेका पाकिटात. वन्सं होत्या, त्यांनी एकेक काढून खिडकीच्या उजेडात धरली. प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात छत्रीची कड आलेली. कुठे नुसती काडी, कुठे चांगला चतकोर. एकीत माझी बोटंही आहेत. माझा हात खाली आला होता असे सगळे फोटो. इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. अगदी जुन्या, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातल्यासुद्धा होत्या.

"या खराब झालेल्या दादाने का ठेवल्या?" वन्संनी विचारलं.

"त्यांना काही टाकवत नसे. जुन्या चपलासुद्धा."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलतील असं वाटलं. बोलल्या नाहीत, आणि वन्सं बोलल्या नाहीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. सगळी पाकिटं त्यांनी होती त्या क्रमाने परत लावली.

६ ऑगस्ट

आज खडकावर बराच वेळ थांबलो. पाऊस पडत होता, मध्ये विरळ होत होता, परत पडत होता. माझाही चष्मा ओला झाला तेव्हा मी कापडात शिरले आणि आतच राहिले. आतून पाऊस नुसता ऐकू येतो. काच इतकी अंधुक होती की कमी होतोय का वाढतोय ते समजेना. मी विचार न करता विचारलं, "उघडलं का?"

"उघडते, उघडते," बाहेरून वन्सं म्हणाल्या.

काचेवरचं चित्र एकदम फिसकटलं, म्हणजे छत्री हलून भिंगावर थेंब पडले होते. मग झाकणाचा टप् असा आवाज आला. मी बाहेर आले. वन्सं छत्रीचा दांडा मानेत धरून जेवणाचा डबा उघडून उभ्या होत्या आणि उकडलेली अंडी पावसात भिजत होती.

"घ्या. मघापासून आत काही खाल्लं नाहीत. मला वाटलंच भूक लागली असेल."

मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. ट्रायपॉडला धरून हसले. वन्संही हसायला लागल्या, का ते कळलं नव्हतं तरी.

"मग काय उघडायचं होतं?"

"डबा नाही हो. आभाळ. पाऊस उघडला का ते विचारत होते. हे रोज असंच विचारायचे आतून."

एवढं बोलले आणि माझं हसू गेलं. वन्संनी दोनदा विचारलं, काय झालं, पाय मुरगळला का? मी नाही म्हटलं. सामान आवरून परत आलो. घाटात माझा पाय ब्रेकवर गेला नाही. गाडी कुठे जाते आहे तिकडे माझं लक्षच नव्हतं.

७ ऑगस्ट

त्यांनी खिडकीचं विचारलं नव्हतं.

१० ऑगस्ट

दवाखान्यातली ती खोली मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणते. पलंग असा होता की ह्यांचं तोंड भिंतीकडे आणि माझं खिडकीकडे. आभाळ बघणं माझ्याकडे होतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी उठून खिडकी उघडली. इतकी वर्षं मी त्या एका प्रश्नाला उत्तर देत आले, आणि त्या दिवशी तो मला ओळखू आला नाही, कारण तो खडकावर विचारला नव्हता.

त्या दिवशी पाऊस रात्रीपर्यंत उघडला नाही. "नाही अजून" एवढंच म्हणायचं होतं. मी नाही अजून म्हटलं की ते थांबायचे. एकदा दुपारपासून अंधार पडेपर्यंत थांबले होते, तक्रारीचा शब्द न काढता.

दवाखान्यात तसं नसतं हे मला कळतं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तरी.

छापखान्यात फोन केला, जुनाच फोटो लावा म्हणून सांगायला. कोणी उचलला नाही. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू जात नाही.

१३ ऑगस्ट

वन्संनी खालून हॉर्न वाजवला. मी गेले नाही. परत वाजवला. मग वर आल्या.

"खाली चौकीदार विचारतोय, रुग्णवाहिका बोलावू का. इतका हॉर्न मी परीक्षेच्या दिवशीसुद्धा वाजवत नाही. चला, छान भुरभुर आहे."

"मी येणार नाही. जुनाच लावायला सांगणार आहे."

"का?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्या ओल्या बुटांनी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि हलेनात. मग सांगितलं. खिडकी, नर्स, सगळं. माझ्या माहितीप्रमाणे वन्संपुढे मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

वन्सं स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "तो तुमच्याकडे कसा बघत होता म्हणालात?"

"माझं चुकलं की बघायचे तसे."

"म्हणजे छत्री मध्ये आली की बघायचा, तसं?"

"हो."

"मग तो रागावला नव्हता, वहिनी."

वन्संना काय माहीत? त्या कुठे होत्या तिथे? पण मी वाद घातला नाही. त्यांचे डोळे लाल दिसत होते. आपला भाऊ गेला आहे हे दुःख त्यांनाही आहेच, ते मी आजवर फारसं मनात आणलं नव्हतं.

मग त्या एकदम उठल्या. "तुम्हा दोघांचं हे असंच. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने ओळखायचं. माझ्या क्लासात असं केलं तर गाडी दुकानात घुसेल. मला नीट शिकवा. काय विचारलं की काय म्हणायचं?"

"कशाला? मी येणारच नाही."

"नका येऊ. शिकवा तर खरं."

मी सांगितलं. पाऊस चालू असेल तर "नाही अजून". कमी होत असेल तर "थोडं थांबा". कुठूनही उजेड यायला लागला की "उघडतंय". आणि उजेड डोंगरावर पोचला की "आता".

"एवढंच? मला वाटलं काय मोठं शास्त्र आहे."

त्यांनी छत्री उघडून ओट्याजवळ धरली आणि मला विचारायला लावलं. मी विचारलं. "नाही अजून," त्या म्हणाल्या. मी परत विचारलं. "नाही अजून." त्यांचा आवाज ह्यांच्यासारखा आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ह्यांच्या तोंडून हे उत्तर मी कधीच ऐकलं नव्हतं, ते मी द्यायचं असे. तरी बरं वाटलं.

छापखान्यात परत फोन केला नाही.

२० ऑगस्ट

पाच दिवस झाले, नुसती झोड चालू आहे. घाट बंद. मालकांचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात पान हवं. वन्सं रोज फोनवर विचारतात, "उघडलं का?" मी म्हणते, "नाही अजून." मग त्या फोन ठेवतात. आमच्यातलं इतकं लहान संभाषण याआधी कधी झालं नसेल.

२४ ऑगस्ट

आज.

सकाळी निघालो तेव्हाही पाऊस होताच, पण घाट सुरू झाला होता. खडकावर पोचेपर्यंत दोघी नखशिखांत भिजलो. कॅमेरा लावला, नीट दिसेल असं भिंग जुळवलं, फिल्मच्या दोन चौकटी कोटाच्या आत पोटाशी ठेवल्या आणि कापडात गेले.

आत शिरल्यावर मी विचारलं.

"नाही अजून," वन्सं म्हणाल्या.

बराच वेळ गेला. पाय बधिर झाले. मधून त्यांच्या बुटांखाली पाणी वाजे, त्यावरून त्या वाऱ्याबरोबर छत्री फिरवताहेत ते कळे. भिंगावर एकही थेंब आला नाही. मी दर थोड्या वेळाने विचारत होते आणि दर वेळी तेच उत्तर येत होतं. आज मला पहिल्यांदा कळलं की हे इतकं का थांबू शकायचे. आत माणसाला काही ठरवावं लागत नाही. बाहेर कोणीतरी बघतं आहे, तेवढं पुरतं.

"थोडं थांबा," वन्सं म्हणाल्या. आणि मग लगेच, "वहिनी... तळ्याच्या त्या टोकाकडून. उघडतंय!"

काचेवर अगदी उजव्या कडेला, म्हणजे खऱ्यातल्या डाव्या कडेला, पाणी पांढरं झालं. मी बाहेर आले. अलीकडे पाऊस पडतच होता. पलीकडे ढगाची कड उचलली गेली होती आणि तिच्याखालून आलेला उजेड पाण्यावरून डोंगराकडे सरकत होता. चौकट घातली. झाकणपट्टी ओढली. ती ओढल्याचं मोठ्याने म्हटलं, विसरू नये म्हणून.

"आता!" वन्संनी ओरडून सांगितलं.

मी शटर सोडलं. चौकट बदलली, परत पट्टी ओढली, परत सोडलं. तोवर उजेड डोंगराच्या खांद्यापर्यंत चढला आणि मग कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा गेला. पाऊस पहिल्यासारखा सुरू झाला.

आम्ही तशाच उभ्या होतो.

"दादा हे बघायला यायचा होय," वन्सं म्हणाल्या.

"ते बघायचे नाहीत. ते आत असायचे. बघायचे मी."

हे बोलल्यावर मला वाटलं, खरंच की. मी जेवढं सांगितलं तेवढंच त्यांना बाहेरचं कळायचं. आणि तेवढ्यावर ते फोटो काढायचे.

वन्संचा चेहरा ओला होता. मी काही विचारलं नाही, पाऊसही होताच. डब्यातली अंडी गाडीत बसून खाल्ली.

२६ ऑगस्ट

दोन्ही फिल्मा धुतल्या. वन्सं घड्याळ घेऊन बसल्या होत्या आणि दर मिनिटाला मिनिट झाल्याचं सांगत होत्या, गरज नसताना.

दोन्ही आल्या. दुसरी स्वच्छ आहे. पाऊस अलीकडे, उजेड पलीकडे, डोंगर मध्ये थांबलेला. ह्यांच्याइतकी चांगली आहे का ते मला सांगता येत नाही. नुसता पडणारा पाऊस नाही, एवढं नक्की.

पहिलीच्या वरच्या कोपऱ्यात छत्रीची कड आली आहे. उजेड बघायला वन्सं पुढे झुकल्या असणार.

"ती माझी छत्री!" वन्सं म्हणाल्या. "छापायला हीच द्या. निदान छत्री तरी प्रसिद्ध होईल."

"छापायला दुसरी."

"आणि हिचं काय?"

पहिली टाकून द्यावी म्हणून मी ती हातात घेतली. उजेडात धरून बघितली. फिल्मवर काळं ते पांढरं दिसतं, म्हणून छत्रीची कड पांढरी आणि किंचित हललेली आहे. तिच्यामागे कोण आहे ते दिसत नाही, पण कोणीतरी आहे हे दिसतं.

टाकवली नाही. पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवली, बाकीच्यांच्या मागे. मग बराच वेळ झाकण लावायचं राहिलं. वन्सं शेजारी होत्या. त्यांनी घाई केली नाही.

२९ ऑगस्ट

छापखान्यात जाऊन आलो. मालकांनी फोटो टेबलावर ठेवला, चष्मा वर केला, खाली केला.

"ताई, हा त्यांचाच नाही ना?"

"नाही हो," वन्सं म्हणाल्या. "आमचा आहे. मी स्वतः भिजले आहे त्यात."

मालक म्हणाले, पुढच्या वर्षीचंही पान मोकळं ठेवतो. मी विचार करत होते. वन्सं म्हणाल्या, "ठेवा." गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक मारायच्या आत सांगून टाकलं."

संध्याकाळी मुलाला फोन केला. कॅमेरा विकत नाही म्हणून सांगितलं. मग बाबांनी शेवटी काय विचारलं होतं तेही सांगितलं, नीट. तो म्हणाला, "म्हणजे ते कामावर होते." मी म्हटलं, "हो. कामावरच होते."

४ सप्टेंबर

वन्संचे क्लास आहेत, म्हणून त्या आज आल्या नाहीत. सकाळपासून पाऊस. मी पलंगावर खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. काळं कापडही त्यात होतं. ते धुतलं नाही, नुसतं वाऱ्यावर टाकलं होतं.

घड्या होत आल्या तेव्हा पन्हळीचा आवाज बारीक झाला. मग थेंब थेंब ऐकू यायला लागले. मी उठून खिडकीशी गेले. खिडकी उघडली नाही. काचेतूनच वर बघितलं, सगळीकडे, नीट. घाईने सांगून चालत नाही. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर ऊन येऊन थांबलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "उघडलं."